भाकरीआधीची फेरी

जोएल, मागच्या फोनवर तू विचारलंस की नव्या शहरात चर्च निवडायचं तर काय बघावं. एका ठिकाणी संगीत चांगलं आहे, एका ठिकाणी उपदेश चांगला आहे आणि एका ठिकाणी उपासनेनंतरचं जेवण फार चांगलं आहे, असं तू सांगितलंस. नेहा मागून हसली तेही मला ऐकू आलं. तुमच्या आजीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. फोन ठेवला आणि मी कागद घेऊन मुद्दे लिहायला बसले. उपदेश पवित्र शास्त्रातून व्हावा. पुढारी एकापेक्षा जास्त असावेत. सभासद कोण आणि कोण नाही, हे स्पष्ट असावं. मुद्दे सगळे बरोबर होते, पण पुन्हा वाचले तेव्हा ते मी कॉलेजात इंग्रजी शिकवताना द्यायचे त्या नोट्ससारखे वाटले. मुलं त्या पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. म्हणून तो कागद बाजूला ठेवला. मी तुम्हाला शलमोन पाळकांबद्दल लिहिते.

तुम्ही दोघं त्यांना एकदा भेटला आहात. नागझिऱ्याला गेलात, वाघ दिसला नाही, आणि जोएल आपल्या अंगणात तोंड फुगवून बसला होता. तेव्हा एक उंच, सावळे, खांदे थोडे वाकलेले गृहस्थ फाटकातून आत आले आणि तुला म्हणाले, "वाघानं तुले पाह्यलं असंल ना गा? मंग झालं." तू हसला नाहीस. ते मात्र स्वतःच्या बोलण्यावर बराच वेळ हसत होते. तेच शलमोन पाळक.

ते चिचगडच्या पलीकडच्या एका जंगलातल्या खेड्यातले. धर्मशास्त्राचं रीतसर शिक्षण घेऊन गोंदियाच्या आपल्या मंडळीत आले आणि इथेच त्यांचे केस पिकले. वेदीपाशी उभे राहिले की त्यांची मराठी पुस्तकासारखी शुद्ध असे. पायऱ्या उतरून खाली आले की ते झाडीबोलीत बोलत. ह्या दोन भाषांत त्यांना कधी संकोच वाटला नाही. आपल्या चर्चमधली निम्मी माणसं घरी हिंदी बोलतात, म्हणून शास्त्रपाठ ते हिंदीतही वाचायला लावत आणि वाचणारा अडखळला तर थांबून राहत. इमारतीला त्यांनी कधी चर्च म्हटलं नाही. चर्च म्हणजे आपण माणसं. इमारतीला ते 'छप्पर' म्हणत. "छपराले रंग द्याचा आहे," "छपराची किल्ली कोणाकडं आहे?" असं. नवीन आलेल्यांना हे विचित्र वाटे. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

उपदेशाच्या बाबतीत ते हट्टी होते. शास्त्रातलं एक पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत जायचं. मागच्या रविवारी जिथे थांबले तिथून ह्या रविवारी पुढे. एका वर्षी ते जुन्या करारातल्या यज्ञांच्या नियमांवर होते आणि नाताळ आला. नागपूरहून, रायपूरहून लोकांची लेकरंबाळं आलेली, बायका नव्या साड्या नेसलेल्या, आणि पाळकांनी बैलाचं रक्त कुठे शिंपडायचं तो भाग उघडला. पुढच्या बाकावर कुजबुज झाली. पण त्या रक्तापासून ते गव्हाणीतल्या बाळापर्यंत असे काही आले की उपासना संपल्यावर तुमचे आजोबा थोडा वेळ बाकावरच बसून राहिले. घरी येताना ते फक्त एवढंच म्हणाले की, आज नाताळ झाला.

रविवारच्या उपासनेनंतर अंगणात चहा आणि भजी असत. पाळक तेव्हा काही विचारत नसत. आठवड्यात कधीतरी घरी आले की विचारत, रविवारी काय ऐकलं? एखादी म्हणाली की छान होतं, तर ते म्हणत, "छान तं भजी होती वो बाई. वचन काय होतं?" त्यामुळे कितीतरी बायका उपदेश लक्ष देऊन ऐकायला लागल्या. भक्तीपेक्षा हा प्रश्न चुकवण्याची भीती जास्त होती, पण त्याचा उपयोग झाला.

वेदीवरच्या मोठ्या खुर्चीवर ते बसत नसत. ती पाहुण्यांसाठी आहे म्हणत आणि पाहुणे आले की त्यांनाही शेजारच्या साध्या खुर्चीवर बसवत. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे आपण निवडून दिलेल्या पुढाऱ्यांनी, पाळीपाळीने उपदेश करावा असा त्यांचा आग्रह होता. आजोबा त्या वडिलांतले एक, पण ते नाही म्हणत होते, तेव्हा पाळकांनी विचारलं, "मी उद्या रेल्वेखाली आलो तं तुमी छपराले टाळं लावान का?" शेवटी आजोबांनी एका रविवारी उपदेश केला. खूप तयारी केली होती. इतिहास, भूगोल, ग्रीक शब्दांचे अर्थ, सगळं होतं. संपल्यावर पाळकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की चांगलं झालं, फक्त पुढच्या वेळी येशूचं नाव जरा लवकर येऊ द्या. आजोबा हे स्वतः सगळ्यांना सांगत आणि हसत.

बाप्तिस्म्याची त्यांना घाई नसे. एका व्यापारी घरातला मुलगा आपल्या मंडळीतल्या एका मुलीच्या प्रेमात पडला. मुलीच्या वडिलांची अट होती की जावई ख्रिस्ती हवा. मुलगा पाळकांकडे गेला आणि म्हणाला की मी कधीही तयार आहे, उद्या म्हणाल तर उद्या. मुलीचे वडील सोबत होते, तेही घाईत होते. पाळकांनी मुलाला समोर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "लग्नासाठी पाण्यात उतरशील तं ओला होऊन बाहेर निघशील. दुसरं काही होणार नाही." त्यांनी नकार दिला. मुलीचे वडील वर्षभर त्यांच्यावर नाराज होते. लग्न कोर्टात झालं. तो मुलगा पुढे आपल्या मनाने उपासनेला येऊ लागला, मागच्या बाकावर बसू लागला, आणि बऱ्याच काळानंतर त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला तेव्हा पाळकांनी त्याला एकच विचारलं की आता बायको काय म्हणते. तो म्हणाला, तिला अजून सांगितलेलं नाही. पाळक म्हणाले, आता झालं.

पण मला तुम्हाला खरं सांगायचं आहे ते त्यांच्या फेरीबद्दल.

आपल्याकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीने एकत्र भाकर आणि प्याला घेणं, महिन्यातून एकदा असतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात शलमोन पाळक घरोघर फिरत. कापडी पिशवीत शास्त्र आणि छत्री, पायात चपला. खुर्ची पुढे केली तरी ते बहुतेक वेळा दारातल्या पायरीवर बसत. घरच्यांची चौकशी करत, प्रार्थना करत आणि उठताना एक प्रश्न विचारत: "कोणाशी बोलणं बंद आहे का?" बस, एवढंच. आपलं अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, असं प्रभूने शिकवलं आहे, आणि पाळकांनी ते शब्दशः घेतलं होतं. एका भाकरीतून खायचं तर खाणाऱ्यांत अबोला कसा चालेल, असं ते म्हणत. ह्या प्रश्नाला लोक फार घाबरत. काही जण त्या आठवड्यात बाजाराला जात. एक बाई तर पाळकांची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की मागच्या दाराने शेजारणीकडे जाऊन बसायची. पाळक शेजारणीकडे पोचले तेव्हा तिथे ती बसलेलीच. "चला, एका फेरीत दोन घरं झाली," ते म्हणाले.

गायकवृंदातल्या दोन बायका पेटी कोणी वाजवायची ह्यावरून भांडल्या आणि बोलेनाशा झाल्या. पाळकांनी दोघींना एकीच्या घरी बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की तुम्ही एकमेकींना कप द्या, मग मी माझा घेतो. चहा गार झाला. पुन्हा गरम केला. तिसऱ्यांदा गरम करायला घरातली उठली तेव्हा दुसरी म्हणाली, "राहू दे, कडू होईल," आणि तिने कप उचलून दिला. एवढ्यावर समेट झाला. पेटी मात्र त्यानंतर दोघीही वाजवेनात, आणि आपल्या मंडळीत बरीच वर्षं कोणी पेटी वाजवली नाही.

एकदा त्यांनी प्रभुभोजनाचं मेज झाकलं. मंडळीचे दोन वडील कंपाउंडच्या नळावरून एकमेकांशी बोलत नव्हते. फेरीत दोघांनीही सांगितलं की काही नाही, सगळं ठीक आहे. रविवारी गीत झालं, उपदेश झाला, भाकर आणि प्याला समोर होता. पाळक मेजापाशी गेले, दोन्ही वडिलांकडे पाहिलं आणि पांढरं कापड पुन्हा मेजावर ओढलं. शुद्ध मराठीत म्हणाले, "मेज तयार आहे. आपण तयार नाही." प्रार्थना केली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. केवढा गदारोळ झाला. लोक म्हणाले, दोघांसाठी सगळ्यांना का शिक्षा. पण पुढच्या रविवारच्या आत त्या दोघांनी मिळून नळाला नवीन तोटी बसवली आणि त्यानंतर आम्ही प्रभुभोजन घेतलं. मी आयुष्यात पुष्कळ वेळा प्रभुभोजन घेतलं आहे. त्या दिवसाची भाकर अजून आठवते.

आता प्रभाकरभाऊंबद्दल.

प्रभाकरभाऊंची राइस मिल आहे आणि ते मंडळीच्या कमिटीत होते. त्यांना वाईट माणूस समजू नका. छपरावरचे पत्रे त्यांनी घातले. कोणी आजारी पडलं तर त्यांची गाडी दारात उभी राहत असे. आजोबांना नागपूरला नेलं तेव्हा तीच गाडी होती आणि ते स्वतः पुढे बसले होते. त्यांची धाकटी बहीण सुशीला चिचगडला राहते. तिथे आरोग्य केंद्रात ती नर्स होती. दर महिन्याला प्रभुभोजनाच्या रविवारी ती पहिल्या बसने गोंदियाला येत असे.

ह्या दोघांची आई प्रभाकरभाऊंच्या घरी मे महिन्यात वारली. सुशीलाला फोन गेला, ती निघाली. बस देवरीजवळ बंद पडली. तिने फोन करून सांगितलं की मी येऊन राहिली, दादा, थांबा. पण त्या दिवशी ख्रिस्ती संस्थेतले एक मोठे पाहुणे गोंदियात होते. प्रभाकरभाऊंच्या विनंतीवरून ते मातीची, म्हणजे दफनाची, प्रार्थना करायला तयार झाले होते, आणि त्यांना संध्याकाळच्या आत निघायचं होतं. आपल्या लोकांत अशी एक खोड आहे, जोएल. मोठा माणूस प्रार्थना करणार म्हटलं की आपण घरच्या माणसाला विसरतो. पाहुण्यांनी प्रार्थना केली, त्यांची गाडी गेली, आणि सुशीला स्मशानभूमीच्या फाटकाशी पोचली तेव्हा माती लोटून झाली होती. प्रभाकरभाऊंनी सांगितलं की उन्हाळा होता, थांबता येत नव्हतं.  त्यानंतर सुशीला त्यांच्याशी बोललीच नाही.

रविवारी ती बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसे आणि प्रभाकरभाऊ पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर. दोघेही भाकर घेत. शलमोन पाळकांना हे सहन होईना.

आधी ते एकटे प्रभाकरभाऊंकडे गेले. अनेकदा गेले. त्यांचं मागणं छोटं होतं: बहिणीकडे जा आणि सांग की मी थांबायला पाहिजे होतं. प्रभाकरभाऊ म्हणत की बोलणं तिने सोडलं आहे, मी नाही. पाळक चिचगडलाही गेले आणि सुशीलालाही त्यांनी सोडलं नाही; माफ करायची तयारी नसेल तर तूही भाकर घेऊ नको, असं तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे त्याले. उंबरठ्यावरच माफ करून टाकीन. घरात येऊन बसाचीही गरज नाही." पाळक हे घेऊन परत आले, पण प्रभाकरभाऊ गेले नाहीत. मग शास्त्रात सांगितलं आहे तसं ते मंडळीतल्या दोघांना साक्षीला घेऊन प्रभाकरभाऊंकडे गेले. त्यातले एक आजोबा. आजोबा घरी आल्यावर म्हणाले की काजू होते, बर्फी होती, सगळ्या विषयांवर बोलणं झालं, आणि सुशीलाचं नाव निघालं की प्रभाकर पत्र्यांबद्दल बोलायला लागत.

ज्या महिन्यात ते घडलं त्या महिन्याच्या फेरीत पाळकांनी प्रभाकरभाऊंना आधीच सांगितलं होतं. ह्या वेळी पुढे येऊ नको, आला तं मी देणार नाही. प्रभाकरभाऊंना ते खरं वाटलं नसावं. रविवारी ते सगळ्यांसोबत पुढे गेले आणि कठड्यापाशी गुडघे टेकले. पाळक ताट घेऊन एकेकापुढे येत होते. प्रभाकरभाऊंपुढे ते थांबले. ताट पुढे केलं नाही. अगदी हळू बोलले, पण चर्च इतकं शांत होतं की मला माझ्या बाकावर ऐकू आलं. "प्रभाकर, बहीण तिथं मागं बसली आहे. आधी तिकडं जा. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. ताट हातात धरून उभे राहिले. मागे सुशीला उठून उभी राहिली होती. तिने पदर हातात घट्ट धरला होता. प्रभाकरभाऊ उठले. मधल्या वाटेने मागे चालत गेले. त्या क्षणी आम्हाला सगळ्यांना वाटलं की झालं. ते शेवटच्या बाकापाशी पोचले, तिथून उजवीकडे न वळता सरळ दरवाजातून बाहेर गेले. त्यांच्या मागे त्यांची बायको आणि मुलं गेली.

त्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. मी तिथे नव्हते, आजोबा होते. लोक म्हणाले की चारचौघांत असं करायला नको होतं, प्रभाकरभाऊंनी मंडळीसाठी किती केलं आहे, ते गेले तर त्यांच्यामागे निम्मी घरं जातील. पाळकांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग कोणीतरी पुन्हा पत्र्यांचा विषय काढला आणि पाळकांचा तोल गेला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याले आईच्या मातीपेक्षा पाहुण्याची गाडी मोठी वाटली, त्याच्या छपराखाली बसायले मले लाज वाटते. त्याच्या आईलेही वाटली असती."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्यानंतर सुशीलाबद्दल कोणी बोललंच नाही. बैठक पाळकांच्या त्या वाक्यावर झाली. मेलेल्या माणसाला मध्ये आणलं, पाळकाला हे शोभतं का, माफी मागा. पाळकांनी तिथल्या तिथे माफी मागितली, पण प्रभाकरभाऊ बैठकीत नव्हते आणि वाक्य त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. आजोबा गप्प बसले. सगळेच गप्प बसले. आजोबा शेवटपर्यंत म्हणत होते की पाळकांचं म्हणणं बरोबर होतं हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यांचं एक चुकलेलं वाक्य सापडलं तेव्हा प्रत्येकाला हायसं वाटलं.

आपल्या लोकांनी त्यांना काढलं नाही. काढणं आपल्याला जमत नाही. आपण सत्कार करतो. पाळकांच्या प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना विश्रांती द्यावी असं ठरलं, शाल आली, श्रीफळ आलं, मोठा हार आला आणि प्रभाकरभाऊंच्या गाडीतून ते सामान चर्चपर्यंत आलं. भाषणं झाली. प्रत्येकाने त्यांच्या फेरीचं कौतुक केलं. शलमोन पाळक शाल पांघरून मोठ्या खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना तिथे बसवलं होतं. शेवटी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले की माझी तब्येत ठीक आहे, आणि बसले. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आज आपल्या चर्चमध्ये गेलात तर तुम्हाला आवडेल. पडदा आहे, त्यावर गीतांचे शब्द येतात. नवे पाळक मेहनती आहेत, उपदेश चांगला करतात, दूरदूरची माणसं येतात. प्रभुभोजनाच्या आधी ते सांगतात की प्रत्येकाने आपापलं मन तपासावं, आणि आम्ही डोळे मिटून आपापलं मन तपासतो. फेरी बंद झाली, आणि कोण कोणाशी बोलत नाही हे आता पाळकांना माहीत नसतं. प्रभाकरभाऊ पहिल्या बाकावर बसतात. शेवटच्या बाकावर सुशीला नसते. तिने येणं सोडलं.

जोएल, म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे. संगीत बघ, उपदेश बघ, जेवणही बघ. पण सहा महिने जाऊन झाल्यावर स्वतःला विचार: मी इथल्या कोणाशी बोलणं बंद केलं तर हे कोणाला कळेल का? आणि कळलं तर तो माणूस माझ्या दारात येऊन बसेल का? आला आणि तुला त्याचा राग आला, तर ते चर्च सोडू नकोस.

पाळक आणि पाळकीणबाई परत त्यांच्या गावी गेले. चिचगडला सुशीलाच्या ओसरीवर आसपासची काही कुटुंबं रविवारी जमू लागली आणि पाळक तिथे शिकवत. आजोबा गेल्यानंतर मी एकदा त्यांना भेटायला गेले होते. पाळक बाहेर कोणाची तरी म्हैस सोडवायला मदत करत होते. पाळकीणबाई मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या की तुम्ही त्यांना समजावा. सुशीलाच्या ओसरीवर प्रभुभोजन होतं, दुसरे एक वडील भाकर मोडतात, सगळ्यांना देतात, पण पाळक घेत नाहीत. गोंदिया सोडल्यापासून घेतलेली नाही. "मी इचारलं काऊन नाई घेत," त्या म्हणाल्या, "तं म्हणतेत माझं एका भावाशी बिनसलं आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं ज्यांनी लोकांना भाकर दिली ते ओसरीच्या कडेला बसून ताट पुढे सरकवत होते, हे त्यांना बघवत नव्हतं.

 मी त्यांच्यासोबत चहा घेतला आणि परत आले.

पुढच्या हिवाळ्यात पाळक गेले. त्यांच्या मातीला प्रभाकरभाऊ आले होते. सगळ्यांच्या मागे, एका मोहाच्या झाडापाशी उभे राहिले. सुशीला पुढे होती. लोकांनी दोघांकडे पाहिलं, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. माती लोटून झाल्यावर मी वळून बघितलं तर झाडापाशी कोणी नव्हतं.

मी पाळकांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, पावसाळा सरल्यावर. शनिवार होता. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडून ऑटोने येत होते. मिलच्या रस्त्याला धानाचे ट्रक लागलेले, उकडून वाळवलेल्या उसन्या तांदळाचा वास सुटलेला, आणि ऑटो ट्रकांमागे थांबला. प्रभाकरभाऊंच्या मिलच्या फाटकाशी चौकीदाराचं बाकडं आहे, त्यावर शलमोन पाळक बसले होते. कोंडा उडत होता, त्यांच्या केसांवर आणि खांद्यांवर तो साचला होता. मी ऑटोतून उतरले.

त्यांनी मला ओळखलं, उठायला लागले, मी बसवलं. इथे कशाला, असं विचारलं तर त्यांना नवल वाटलं.

"कायले म्हंजे? उद्या प्रभुभोजन आहे ना बाई."

दर महिन्याला ह्या शनिवारी ते चिचगडहून बसने येत असत. चौकीदार सांगे की साहेब नाहीत. ते बाकड्यावर बसत आणि शेवटच्या बसच्या आधी उठत. चौकीदार आता त्यांना चहा देऊ लागला होता. फाटकाच्या आत प्रभाकरभाऊंची गाडी उभी होती, ती आम्ही दोघांनी पाहिली. मी म्हटलं, घरी चला, जेवा, उन्हात कशाला बसता. प्रभाकरभाऊंपुढे सुशीलाचा विषय काढून उपयोग नाही, ते ऐकणार नाहीत, असंही मी म्हटलं.

"सुशीलाचं सांगायले नाही आलो मी," ते म्हणाले. "ते त्याले माहीत आहे. मी त्याच्या आईचं नाव घेतलं, ते चुकलं माझं. तेवढं सांगून जातो म्हणतो."

"आणि नाही भेटले तर?"

"तं पुढच्या महिन्यात बस आहेच ना."

पुढे ट्रक हलले. ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. पाळक म्हणाले की जा, उशीर होईल, आणि मी गेले. ऑटोत बसून मी मागे वळून बघितलं. मिलच्या वरच्या मजल्यावर ऑफिसची काच आहे. काचेमागे प्रभाकरभाऊ उभे होते. हातात चष्मा होता आणि ते खाली बाकड्याकडे बघत होते. पाळकांची पाठ त्यांच्याकडे होती. ते बाकड्याच्या एका टोकाला सरकून बसले होते, दुसऱ्या माणसाला बसता येईल एवढी जागा ठेवून.